चंद्रावर जाऊन परत येण्याचा हिशेब

(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमात गच्चीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढला आहे. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आपल्या सोसायटीचं हे रौप्यमहोत्सवी वर्ष. सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, की कोजागिरी आहे तर चंद्रावर बोला, पण वेळेत आटपा. मी काही शास्त्रज्ञ नाही. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. त्यामुळे चंद्राचं सौंदर्य वगैरे मी कवींवर सोपवतो. मला या सगळ्यात हिशेब दिसतो, आणि आज तोच तुमच्यापुढे मांडणार आहे.

विषय जाहीर झाल्यावर आपल्याच बिल्डिंगमधल्या एका चौथीतल्या मुलाने मला विचारलं, "आजोबा, चंद्रावर पेट्रोल पंप नाही. मग परत कसं येतात?" प्रश्न एकदम रास्त आहे. कर्ज विभागात आम्ही हेच करायचो. अर्ज समोर आला की किती रक्कम हवी हे नंतर बघायचं, आधी बघायचं की पैसे परत कुठून येणार. परतफेडीचा रस्ता कागदावर दिसत नसेल तर मंजुरी नाही. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. येण्याची सोय पहिल्या कागदावर मांडली आणि मग जाण्याचं ठरवलं. आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

आता जमेची आणि खर्चाची बाजू पाहू. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. रोज पुण्याला जाऊन परत आलात, एकही सुट्टी घेतली नाहीत, तर एवढं अंतर कापायला साडेतीन वर्षं लागतील. अपोलो ११ ने ते साधारण तीन दिवसांत कापलं.

अपोलो ११ ची तारीख आम्हा बँकवाल्यांच्या पक्की लक्षात राहते, त्याला कारण आहे. १९ जुलै १९६९ च्या रात्री इंदिरा गांधींनी रेडिओवरून चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. त्याच रात्री, आपल्या घड्याळात अकरा वाजायच्या सुमाराला, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांचं यान चंद्राच्या कक्षेत शिरलं. आणि २१ तारखेच्या पहाटे, म्हणजे पावणेदोन वाजता, त्यातले दोघे चंद्रावर उतरले. मुंबईत तेव्हा टीव्ही नव्हता, तो १९७२ साली आला. लोकांनी ते रेडिओवर ऐकलं आणि पेपरात वाचलं. पुढे हे तिघे जगाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा ऑक्टोबरमध्ये मुंबईलाही आले होते. आपल्यातल्या काही ज्येष्ठांना आठवत असेल.

तर, जायचं कसं? पुष्कळांची अशी समजूत असते की चंद्राकडे नेम धरायचा, रॉकेट सोडायचं आणि पोहोचेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. यातलं काहीच तसं होत नाही.

आधी यान पृथ्वीपासून दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर उंचीवर नेऊन पृथ्वीभोवती फिरत ठेवतात. तिथे वेग असतो सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर. अपोलो ११ ने अशा दीड प्रदक्षिणा केल्या. तेवढ्या वेळात सगळी यंत्रणा ठीक आहे ना ते तपासलं. मग रॉकेटचा तिसरा टप्पा जवळजवळ सहा मिनिटं पेटवून वेग सेकंदाला पावणेअकरा किलोमीटरच्या वर नेला. ताशी हिशेबात सुमारे ३९,००० किलोमीटर. आणि मग इंजिन बंद! पुढचे तीन दिवस अधूनमधून मार्ग थोडा सुधारण्यापुरते काही क्षण सोडले, तर इंजिन बंदच.

मग यान जातं कशावर? खंडाळ्याचा घाट डोळ्यांसमोर आणा. समजा पायथ्याशी गाडीला असा वेग दिला की इंजिन बंद करूनही ती माथ्यापर्यंत चढेल. चढताना वेग कमी कमी होत जाणार. माथ्यावर जेमतेम पोहोचली की पलीकडच्या उतारावर आपोआप घरंगळू लागणार. पृथ्वी यानाला मागे खेचत असते, म्हणून त्याचा वेग कमी होत जातो. चंद्रापासून साधारण ६२,००० किलोमीटरवर एक जागा येते, तिथून पुढे चंद्राच्या ओढीचा अंमल सुरू होतो. तिथे अपोलो ११ चा वेग ताशी फक्त ३,३०० किलोमीटरच्या आसपास उरला होता. हाच घाटमाथा. त्यानंतर चंद्राने ओढून घेतलं आणि वेग पुन्हा वाढू लागला.

नेमाची गोष्टही तशीच. चंद्र स्वतः सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने पुढे सरकत असतो. तीन दिवसांत तो अडीच लाख किलोमीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. म्हणून आज चंद्र जिथे दिसतो तिकडे यान सोडून उपयोग नाही. तीन दिवसांनी तो जिथे असेल, त्या आज रिकाम्या असलेल्या जागेकडे सोडायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत ठेव. आज पैसे गुंतवायचे आणि ठरल्या तारखेला हजर राहायचं.

वहिनी मंडळींसाठी एक तपशील. वाटेत यानाच्या एका बाजूला कडक ऊन आणि दुसऱ्या बाजूला भयंकर थंडी. म्हणून भरताचं वांगं आपण विस्तवावर फिरवत फिरवत भाजतो, तसं संपूर्ण यान तासाला साधारण तीन वेळा स्वतःभोवती सावकाश फिरवत नेतात. सगळीकडून सारखं शेकलं गेलं पाहिजे.

आता परतीची पहिली सोय. चंद्राच्या जवळ पोहोचल्यावर इंजिन पेटलंच नाही तर काय? पहिल्या मोहिमांसाठी मार्ग असा आखला होता की यान चंद्राच्या किंचित पुढून जावं, त्याच्या मागून वळसा घ्यावा आणि चंद्राच्याच ओढीने पुन्हा पृथ्वीच्या वाटेला लागावं. कागदावर काढलं तर इंग्रजी आठचा आकडा होतो. म्हणजे काहीच केलं नाही तरी यान घरी येणार. चंद्रावर थांबायचं असेल तरच इंजिन चालवायचं. मला हे फार आवडतं. कर्जाला आधी तारण घेऊन ठेवल्यासारखं आहे. सगळं ठीक चाललं तर तारणाला हात लावायची वेळ येत नाही. पण ते असतं म्हणून मंजूर करणारा अधिकारी रात्री झोपतो.

थांबायचं ठरलं की चंद्राच्या मागच्या बाजूला यान गेल्यावर इंजिन उलट्या दिशेने सुमारे सहा मिनिटं चालवतात. सेकंदाला अडीच किलोमीटरचा वेग दीड-पावणेदोनवर आणतात, म्हणजे चंद्र यानाला धरून ठेवतो. हे चंद्राआड घडतं, त्यामुळे तेवढा वेळ पृथ्वीशी रेडिओ संपर्क तुटलेला. खाली ह्यूस्टनमध्ये बसलेल्यांना घड्याळाकडे बघत बसण्यापलीकडे काही काम नसतं.

आता खर्चाचा मोठा आकडा. अपोलोच्या सॅटर्न ५ रॉकेटची उंची ११० मीटर, म्हणजे साधारण पस्तीस मजली इमारत. वजन सुमारे २,९०० टन. पहिल्या टप्प्यात जळायचं ते आपल्या स्टोव्हमधल्या रॉकेलचा शुद्ध केलेला भाऊ आणि सोबत द्रवरूप ऑक्सिजन. दोन हजार टनांहून जास्त माल पावणेतीन मिनिटांच्या आत खलास! आणि या २,९०० टनांतून शेवटी पृथ्वीवर परत काय आलं? तिघांना घेऊन समुद्रात उतरलेली, पाच टनांपेक्षाही हलकी एक कुपी. म्हणजे परत येणाऱ्या प्रत्येक किलोमागे निघताना जवळजवळ सहाशे किलो वजन उचलावं लागलं.

एवढं का? याला कारण चक्रवाढ. परतीचं इंधन चंद्रापर्यंत न्यायचं तर ते नेण्यासाठी आणखी इंधन. ते आणखी इंधन उचलायला त्याहून जास्त इंधन. व्याजावर व्याज. त्सिओल्कोव्हस्की नावाच्या एका रशियन शाळामास्तरांनी हे गणित १९०३ साली छापलं होतं. शेवटच्या टोकाला एक किलो वाढवलात की सुरुवातीला शेकडो किलो वाढतात. म्हणून वजनातला एकेक किलो कापण्यासाठी तिथे मारामारी असते.

सुरुवातीला कल्पना अशी होती की सगळंच्या सगळं यान चंद्रावर उतरवायचं आणि तेच परत उडवायचं. हिशेब मांडला तर त्यासाठी सॅटर्नपेक्षाही प्रचंड रॉकेट लागणार होतं. तेव्हा नासातले जॉन हूबोल्ट नावाचे एक इंजिनिअर वेगळ्याच योजनेसाठी हट्ट धरून बसले. त्यांचं म्हणणं असं, की मोठं यान वर चंद्राभोवती फिरत ठेवा. खाली फक्त एक छोटं, हलकं यान उतरवा. काम झालं की त्याचाही वरचा निम्मा भागच वर आणा आणि मोठ्या यानाला जोडा. आपण सिंहगड चढतो तेव्हा घरी परत जायचं सगळं सामान पाठीवर घेत नाही. ते पायथ्याला गाडीत ठेवतो आणि पाण्याची बाटली घेऊन चढतो. तेच हे, फक्त इथे गड खाली आणि गाडी वर. वरिष्ठ ऐकत नाहीत म्हटल्यावर हूबोल्ट यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट वरच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. आमच्याकडे कुणी असं पत्र लिहिलं असतं तर त्याची लांबच्या शाखेत बदली नक्की होती. तिथे मात्र १९६२ च्या जुलैमध्ये त्यांची योजना मान्य झाली आणि म्हणूनच दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर पोहोचू शकला.

उतरण्याचा खर्चही लक्षात घ्या. चंद्रावर हवा नाही, म्हणून पॅराशूट काही कामाचं नाही. वेग मारायचा तो सगळा इंजिनाने. अपोलो ११ उतरत होतं तेव्हा ठरलेल्या जागी मोठमोठे खडक दिसले. आर्मस्ट्राँगनी यान हाताने चालवत पुढे नेलं. इंधन संपत चाललं होतं. पृथ्वीवरून "तीस सेकंद" असा इशारा आला, तेव्हा ते टेकण्याच्या बेतात होते. महिनाअखेरीला खात्यात तीस रुपये उरावेत तशी अवस्था. पण इथे एक फार महत्त्वाची गोष्ट होती. हे जे इंधन संपत होतं ते उतरण्याचं होतं. परत वर जाण्याचं इंधन वेगळ्या टाकीत, वेगळ्या इंजिनाला जोडलेलं होतं आणि उतरताना त्यातला एक थेंबही वापरायचा नव्हता. दोन खाती स्वतंत्र. एका खात्यातला खर्च दुसऱ्यातून भागवायचा नाही, हा नियम कागदावर नव्हता, थेट यानाच्या बांधणीतच घातला होता.

आणि ते वर नेणारं इंजिन एकच होतं. जवळजवळ प्रत्येक गोष्टीला पर्याय ठेवणाऱ्या मंडळींनी इथे दुसरं इंजिन ठेवलं नाही, कारण वजन परवडत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? ते इंजिन इतकं साधं बनवलं की बिघडायला त्यात फारसं काही उरूच नये. ठिणगी लागत नाही, पंप लागत नाही. हेलियम वायूच्या दाबाने दोन द्रव ढकलायचे, ते एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात. झडपा उघडल्या की झालं. तरीही जबाबदार लोक डोळे मिटून बसले नव्हते. हे दोघे परत येऊच शकले नाहीत तर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशापुढे काय बोलायचं, तो मजकूर विल्यम सफायर यांनी आधीच लिहून तयार ठेवला होता. वर एकटे फिरत असलेले कॉलिन्स यांनीही पुढे लिहिलं आहे की त्या दोघांना तिथेच सोडून एकट्याने परत यावं लागेल, ही भीती त्यांनी कित्येक महिने मनात दाबून ठेवली होती.

आणि गंमत बघा. यानात वावरताना कशाचा तरी धक्का लागून नेमकं त्याच इंजिनाच्या विजेच्या सर्किटचं बटण तुटलं. तुटका तुकडा खाली पडलेला ऑल्ड्रिनना दिसला. त्यांनी खिशातल्या स्केचपेनसारख्या पेनाचं टोक त्या भोकात घालून बटण आत दाबलं आणि ते बसलं! पृथ्वीवरचं सगळ्यात महागडं तंत्रज्ञान एका पेनावर येऊन ठेपलं होतं. कॅशियरने पेन खिशाला लावूनच यावं असा आमच्या एका साहेबांचा आग्रह असे. मला त्याचं महत्त्व तेव्हा पटलं नव्हतं.

आपल्या वेळेप्रमाणे २१ जुलैच्या रात्री साडेअकराच्या आत ते इंजिन पेटलं. यानाचा खालचा भाग चौथऱ्यासारखा तिथेच राहिला, तो आजही तिथे आहे. वरचा भाग सुमारे पावणेपाच टनांचा, त्यात निम्मं इंधन. तेवढ्यावर काम भागलं, कारण चंद्राची ओढ आपल्या सहाव्या हिश्श्याइतकी आहे. चंद्राभोवती फिरायला सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आतला वेग पुरतो. इथे पृथ्वीवर त्यासाठी पावणेआठ लागतो. पावणेचार तासांच्या आत दोघे वरच्या यानाला येऊन जोडले गेले. सोबत साडेएकवीस किलो दगडमाती होती. मग ते छोटं यानही सोडून दिलं. बघा, प्रत्येक टप्प्यावर जे लागणार नाही ते टाकत टाकत पुढे जायचं.

चंद्रावरून निघायला मोठ्या यानाचं इंजिन फक्त अडीच मिनिटं चालवलं. पुन्हा तोच घाट, यावेळी उतार आपल्या बाजूला लांबलचक. पृथ्वी स्वतःच खेचून घेते. वेग वाढत वाढत शेवटी सेकंदाला अकरा किलोमीटर होतो. आता एवढा वेग थांबवायचा कसा? इंधन तर जवळपास संपलेलं. इथे पृथ्वी आपल्याला एक मोठी सवलत देते. हवा! ब्रेकचा सगळा खर्च वातावरण उचलतं.

पण सवलतीला अटी असतात. यान वातावरणात साधारण साडेसहा अंशांच्या तिरक्या कोनात शिरलं पाहिजे. फार सरळ खाली आलं तर उष्णता आणि दाब सहन होणार नाही. फार आडवं आलं तर, तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो जसा टप्पे घेत जातो, तसं हवेवरून उसळून पुन्हा बाहेर. दोन्हींमधली जागा जेमतेम दोन अंशांची. पावणेचार लाख किलोमीटरवरून येऊन एवढ्या फटीतून आत शिरायचं. यानाच्या बुडाला एक विशिष्ट लेप असतो, तो हजारो अंश उष्णतेत स्वतः जळत झडत जातो आणि उष्णता बरोबर घेऊन जातो. शेवटी तीन मोठी पॅराशूट आणि पॅसिफिक महासागर. २४ जुलैच्या रात्री, आपल्याकडे दहा वाजून गेले होते, तेव्हा हे तिघे पाण्यात उतरले.

आता तुम्ही म्हणाल, की तारणाचं एवढं कौतुक केलंत, पण ते कधी वापरावं लागलं का? लागलं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ निघालं. छप्पन्न तास झाले होते, यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरच्या पुढे होतं, आणि ऑक्सिजनची एक टाकी फुटली. दुसरीही गळू लागली. मुख्य यानाची वीज, हवा, पाणी सगळं जाऊ लागलं. लॉवेल, स्विगर्ट आणि हेझ हे तिघे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात शिरले. जहाज बुडायला लागल्यावर होडीत बसावं तसे. ते यान दोघांना दोन दिवस पुरेल असं बनवलं होतं, त्यात तिघांना चार दिवस काढायचे होते.

मोठ्या इंजिनाचा भरवसा नव्हता. मागे वळण्याचा प्रश्नच नव्हता. उरला तो आठच्या आकड्याचा मार्ग. पण ठरलेल्या जागी उतरता यावं म्हणून आदल्याच दिवशी त्यांनी तो मार्ग मुद्दाम थोडा सोडला होता. तसंच जात राहिले असते तर परतताना पृथ्वी हुकली असती. मग छोट्या यानाचं, खरं तर चंद्रावर उतरण्यासाठी दिलेलं, इंजिन अर्ध्या मिनिटापेक्षा थोडं जास्त चालवलं आणि पुन्हा तो सुरक्षित मार्ग पकडला. चंद्राला वळसा घातल्यावर तेच इंजिन आणखी साडेचार मिनिटांच्या आसपास चालवून परतीचा वेळ काही तासांनी कमी केला. जवळजवळ सगळे दिवे, हीटर, कॉम्प्युटर बंद. दर माणशी दिवसाला पेलाभर पाणी. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे एका यानाचे चौकोनी, दुसऱ्याची भोकं गोल! मग प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून ते जोडले. खाली इंजिनिअरांनी आधी तसंच करून पाहिलं आणि मग रेडिओवरून पायरीपायरीने सांगितलं. १७ एप्रिलला तिघेही जिवंत परत आले. चंद्रावर उतरता आलं नाही, पण मुद्दल सुखरूप आलं.

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे येऊ. चंद्रयान ३ हे १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं. बरेच जण मला विचारतात, की अपोलोला चार दिवस आणि आपल्याला चाळीस दिवस का? कारण खिशात होतं तेवढ्यात बसवलं. आपलं रॉकेट सुमारे ६४० टनांचं. एका दमात चंद्राकडे ढकलण्याएवढं बळ त्यात नाही. मग आपण झोपाळ्याची युक्ती केली. झोपाळा खालच्या बिंदूला आला की दर वेळी थोडा झोका द्यायचा, तो दर वेळी जास्त उंच जातो. यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की थोडं इंजिन चालवायचं, असं पाच वेळा केलं. लंबगोल कक्षा लांबत गेली, आणि मग १ ऑगस्टला चंद्राच्या वाटेला लावलं. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने घ्यावं, यात कमीपणा काही नाही. माणसं बरोबर असती तर मात्र हे चाललं नसतं, कारण माणसाला रोज जेवण, पाणी आणि हवा लागते.

विक्रम परत येणार नव्हतंच. पण दोन गोष्टी पेपरात आतल्या पानावर आल्या आणि पुष्कळांच्या नजरेतून सुटल्या. ३ सप्टेंबरला विक्रमचं इंजिन पुन्हा चालू करून त्याला साधारण चाळीस सेंटिमीटर वर उचललं आणि शेजारी अलगद ठेवलं. दीड फूटसुद्धा नाही! पण चंद्रावरून पुन्हा उडण्याचा आपला तो पहिला धडा होता. दुसरी गोष्ट, विक्रमला चंद्रापर्यंत घेऊन गेलेला भाग चंद्राभोवतीच राहणार होता. काम संपल्यावर पाहिलं तर शंभर किलोहून जास्त इंधन शिल्लक! मूळ योजनेत नसताना त्या शिलकीतून इस्रोने तो भाग ऑक्टोबरमध्ये चंद्राकडून सोडवून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत परत आणला. काटकसरीने चाललं तर शिलकीतून नवा व्यवहार कसा उभा राहतो, याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

पुढचं पाऊल चंद्रयान ४. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. चंद्रावर उतरायचं, माती गोळा करायची आणि ती भारतात परत आणायची. रशियाने हे यंत्रांकरवी १९७० साली केलं, चीनने २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये केलं. त्यासाठी अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडता यायला हवीत. म्हणजे तीच हूबोल्टसाहेबांची विद्या. इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी दोन छोटे उपग्रह अवकाशात जोडून दाखवले, आणि असं करणारा भारत चौथा देश ठरला.

शेवटचा ताळेबंद सांगून थांबतो. १९६८ ते १९७२ या काळात नऊ अपोलो यानं चंद्रापर्यंत गेली. प्रत्येकात तिघे, म्हणजे सत्तावीस जागा. तिघेजण दोनदा गेले, म्हणून माणसं चोवीस. त्यातले बारा चंद्रावर चालले. १९६७ साली जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले. त्या दुःखातून यानाची बांधणी पुन्हा नव्याने तपासली गेली. पण चंद्राकडे गेलेले चोवीसच्या चोवीस घरी परत आले. एकही खातं बुडीत नाही.

मंडळी, गेल्या दोन सर्वसाधारण सभांमध्ये सूचना आली होती, की रौप्यमहोत्सव आहे तर सिंकिंग फंडातून बिल्डिंगला नवा रंग देऊन टाकू. मी दोन्ही वेळा विरोधात हात वर केला. काहींना मी चिक्कू वाटलो, वाटू द्या. रंगासाठी वेगळी वर्गणी काढू, मी पहिला चेक देतो. पंचवीस वर्षांच्या इमारतीला पुढे कधीतरी मोठी दुरुस्ती लागणार, त्याची टाकी वेगळी आहे, आणि उतरताना कितीही ओढाताण झाली तरी त्या टाकीला हात लावायचा नसतो.